एकटीनं प्रवासाला निघताना: तिकीट मुक्कामानंतर

एकटीनं जायचं ठरलं की बहुतेक जणी आधी तिकीट काढतात. बर्थ कन्फर्म झाला की निम्मं काम झालं असं वाटतं. मग लॉज शोधायला बसलं की कळतं, गाडी पोहोचते रात्री, जायचं ठिकाण स्टेशनपासून बारा किलोमीटरवर, आणि लॉजवाला म्हणतोय की दहानंतर काउंटर बंद. पुढची सगळी ओढाताण इथूनच सुरू होते. धाडस कमी पडल्यानं प्रवास बिघडतो असं फारसं होत नाही. बिघडतो तो क्रम चुकल्यामुळं.

खालचे टप्पे कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून निघणाऱ्या बाईसाठी लिहिले आहेत. वय वीस असो की साठ, क्रम हाच ठेवा: पोहोचण्याची वेळ, मुक्काम, तिकीट, घरचा कागद, सामान.

टप्पा १: आधी पोहोचण्याची वेळ ठरवा

नियम एकच: नव्या गावात सूर्यास्ताच्या किमान दोन तास आधी पोहोचायचं. आपल्या भागात डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतं, जूनमध्ये सातच्या पुढं. म्हणजे हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच ही शेवटची वेळ धरा. हे दोन तास लॉज पसंत पडला नाही तर दुसरा शोधायला, जेवणाची जागा बघायला आणि परतीच्या गाडीची चौकशी करायला लागतात.

आता उलटं मोजा. गणपतीपुळ्याला जायचंय. कोल्हापूर ते रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर, वाटेत आंबा घाट, एसटीला चार तास धरा. पुढं गणपतीपुळे आणखी पंचवीसेक किलोमीटर, त्यात गाडी बदलण्याची वाट बघणं आलं. एकूण सहा तास. पाऊस किंवा घाटातली कोंडी यासाठी दीड तास जादा. चारला पोहोचायचं तर सकाळी साडेआठच्या आत स्टँडवरून हलायला हवं. सातची गाडी मिळाली तर उत्तम.

हंपीचं उदाहरण जास्त शिकवणारं आहे. कोल्हापुरातून तिरुपतीला जाणारी हरिप्रिया एक्सप्रेस होस्पेटवरून जाते, त्यामुळं थेट गाडी म्हणून सगळ्या तीच धरतात. पण ती इथून दुपारच्या आसपास सुटते आणि होस्पेटला रात्रीच पोहोचते. हंपी तिथून बारा-तेरा किलोमीटर. अशा वेळी दोन मार्ग आहेत. पहिला, सकाळच्या बसनं हुबळी गाठायची, तिथं मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी उजेडात होस्पेट. दुसरा, हरिप्रियानंच जायचं, पण पहिली रात्र होस्पेटमध्ये स्टेशनजवळच काढायची, रिक्षा लॉजवाल्याकडूनच ठरवून घ्यायची आणि हंपीला सकाळी जायचं. पहिल्यांदाच निघणारीनं पहिला मार्ग घ्यावा. एक दिवस जादा जातो, तो जाऊ द्यावा.

परतीलाही हेच गणित लावा, आणि इथंच जास्त चुका होतात. कोल्हापूरला रात्री अकराला उतरलात, पण घर आजऱ्याला किंवा राधानगरीला असेल तर गावाकडची शेवटची गाडी केव्हाच गेलेली असते. परतीची वेळ ठरवताना कोल्हापूरची वेळ बघू नका, घराच्या दाराची बघा.

*सावधान:* जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी बघितल्याशिवाय काही ठरवू नका. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद पडला होता. पातळी ३९ च्या जवळ जात असेल तर बेत पुढं ढकला. कोकणात उतरणाऱ्या आंबा, करूळ, फोंडा, आंबोली या घाटांत दरड कोसळली की वाहतूक वळवतात, म्हणून निघायच्या सकाळी एसटीच्या चौकशी खिडकीवर विचारूनच बसा.

टप्पा २: एक सराव फेरी करा

पहिलाच प्रवास चार दिवसांचा नको. आधी एक दिवसाची फेरी, मग एका रात्रीची, मग लांबची.

एक दिवसासाठी पन्हाळा सोपा आहे. वीस किलोमीटर, मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी. आठवड्यातला मधला दिवस निवडा, कारण रविवारी पन्हाळ्यावर पर्यटकांची आणि जोतिबाला भाविकांची गर्दी असते. थोडा अवघड सराव हवा असेल तर नृसिंहवाडी करून खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. तिथं गाड्या कमी, मध्ये बदलावं लागतं, आणि परतीची शेवटची गाडी किती वाजता हे विचारल्याशिवाय चालत नाही. पुढच्या प्रवासात हेच तर लागणार आहे.

फेरीत एवढं झालंच पाहिजे:

- हॉटेलात एकटीनं बसून पूर्ण जेवण. चहा-बिस्किटावर भागवायचं नाही.
- तीन अनोळखी माणसांना वाट विचारणं: एक कंडक्टर, एक दुकानदार बाई, एक रिक्षावाला. तिघांची उत्तरं जुळतात का बघा.
- सार्वजनिक स्वच्छतागृह वापरणं.
- फोन बंद ठेवून, कागदावरच्या माहितीवर एक तास फिरणं.
- ठरवलेल्या गाडीनंच परत येणं, आधीची नाही, नंतरची नाही.

पहिल्या फेरीला एकटीनं जेवायला बसणंच सगळ्यात जड जातं. दुसऱ्या फेरीला त्याचं काही वाटत नाही. म्हणूनच ही फेरी घरापासून वीस किलोमीटरवर करायची, चारशेवर नाही.

*सावधान:* वडापनं (शेअर पद्धतीच्या खासगी गाडीनं) जायचं असेल तर दिवसा, आणि आधीपासून बायका बसलेल्या गाडीतच. शेवटची एसटी चुकली म्हणून अंधारात रिकाम्या वडापमध्ये बसू नका. त्यापेक्षा स्टँडवर थांबून घरच्यांना बोलवा.

टप्पा ३: मुक्काम फोनवर पक्का करा

ॲपवर फोटो बघून खोली बुक करणं ही दुसऱ्या नंबरची चूक. ॲपवर निवडा हवं तर, पण पैसे भरायच्या आधी लॉजच्या काउंटरवर फोन लावा. पुढचे प्रश्न याच क्रमानं विचारा:

१. एकट्या महिलेला खोली देता ना? भक्तनिवासाला तर हे नक्की विचारा. काही भक्तनिवासांत एकट्या व्यक्तीला, पुरुष असला तरी, खोली देत नाहीत. तिथं पोहोचून वाद घालण्यात अर्थ नसतो.
२. त्याच इमारतीत परमिट रूम आहे का? असेल तर दुसरा लॉज बघा.
३. रात्री काउंटरवर कोण असतं आणि मुख्य दार किती वाजता बंद होतं?
४. खोलीला आतून कडी आहे का? कार्डानं उघडणारं कुलूप असलं तरी आतली कडी वेगळी हवी.
५. स्टँडपासून चालत किती मिनिटं? अंतर विचारू नका, मिनिटं विचारा. ‘जवळच आहे’ हे उत्तर धरू नका.
६. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावरची, जिन्याला किंवा लिफ्टला अगदी लागून नसलेली खोली मिळेल का?

माणूस उत्तरं कशी देतो त्यावरून बरंच कळतं. ‘एकट्याच आहात का? का? कशासाठी?’ असं खोदून विचारायला लागला तर फोन ठेवा. आधार कार्ड आणणार ना, एवढंच विचारणं रास्त आहे.

पहिल्या मुक्कामासाठी सरकारी निवासं बरी पडतात, कारण तिथं नोंद नीट होते आणि पावती मिळते. कोकणात एमटीडीसीची (महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची) गणपतीपुळे आणि तारकर्लीची निवासं आहेत. कर्नाटक पर्यटन महामंडळाची ‘मयूर’ नावाची हॉटेलं हंपीजवळ कमलापूरला आणि बदामीत आहेत. सुट्टीच्या दिवसांत ती लवकर भरतात.

*तपासा:* लॉजचा लँडलाइन किंवा काउंटरचा मोबाइल, पूर्ण पत्ता आणि जवळची ओळखीची खूण कागदावर लिहिली का? ॲपचा कस्टमर केअर नंबर म्हणजे लॉजचा नंबर नव्हे.

टप्पा ४: आता तिकीट

*एसटी.* महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत भाड्यात ५० टक्के सवलत आहे. ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, त्यासाठी वयाचा पुरावा जवळ हवा. सवलत भाड्यावर असते, आरक्षणाचं शुल्क पूर्ण द्यावं लागतं. आणि ती राज्याच्या हद्दीपर्यंतच. कोल्हापूर-बेळगाव किंवा पणजी गाडीत हद्दीपुढचं भाडं पूर्ण पडतं. कंडक्टरशी त्यावरून होणारे वाद रोज ऐकू येतात, त्यात कंडक्टरची चूक नसते.

निपाणीच्या पुढं गेलं की आणखी एक गैरसमज. कर्नाटकात जून २०२३ पासून बायकांना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास मोफत आहे, पण तो तिथल्या रहिवासी महिलांना. महाराष्ट्राचा पत्ता असलेलं आधार दाखवून ते तिकीट मिळत नाही. बसचे पैसे धरूनच हिशेब करा.

*रेल्वे.* आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. स्लीपरच्या डब्यात महिलांसाठी वेगळा कोटा असतो, वयाची अट नाही, मात्र त्या तिकिटावर फक्त महिला प्रवासी हव्यात. बुकिंग करताना ‘जनरल’ सोडून ‘लेडीज’ कोटा निवडावा लागतो आणि बऱ्याच जणी तो पर्याय बघतच नाहीत. वय ४५ किंवा जास्त असेल तर लोअर बर्थचा कोटाही वापरता येतो.

बर्थ कुठला घ्यावा, याचं उत्तर प्रवासाच्या वेळेवर आहे. दिवसाच्या प्रवासाला खालचा चांगला. रात्रीच्या प्रवासाला एकटीनं वरचाच घ्यावा: येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर पडत नाही, पायाशी कुणी बसत नाही, पर्स उशाखाली राहते. गुडघ्याचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी. स्लीपरच्या डब्यात आठ-आठ बर्थची खणं असतात, त्यात आठच्या पाढ्यातले आकडे म्हणजे साइड अपर. पहिलं आणि शेवटचं खण स्वच्छतागृहाच्या आणि दाराच्या बाजूला येतं. तिथला आकडा मिळाला तर टीटीईला मधली जागा रिकामी आहे का विचारायला लाजू नका.

वेटिंगवर निघायचं नाही. चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंग राहिलेलं ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होतं आणि त्यावर डब्यात बसता येत नाही. आरएसी (एक बर्थ दोघांत वाटून) चालतं, पण रात्रभर अनोळखी माणसाबरोबर एका बाकावर बसावं लागू शकतं हे धरून चाला.

*सावधान:* कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, त्यामुळं लांबच्या बऱ्याच गाड्या मिरजेहून सुटतात किंवा तिथून जातात. तिकीट कोल्हापूरहून आणि चढणार मिरजेला, असं असेल तर बोर्डिंग स्टेशन आधी बदलून घ्या. नाहीतर तुम्ही आला नाहीत असं समजून बर्थ दुसऱ्याला जाऊ शकतो.

*खासगी बस.* तिकिटावर शहराचं नाव बघून खूश होऊ नका, उतरण्याचा थांबा बघा. कित्येक गाड्या शहरात शिरत नाहीत, बायपासला पुलाखाली उतरवतात. आपल्याकडं कोल्हापूरला येताना महामार्गावर तावडे हॉटेलच्या थांब्याला उतरवतात तसंच. पहाटे चारला अनोळखी गावाच्या बायपासवर एकटीनं उभं राहायची वेळ येऊ नये म्हणून थांबा स्टँडच्या आतला किंवा शहराच्या मध्यावरचाच निवडा, आणि एकेरी स्लीपर घ्या. दुहेरी स्लीपरच्या शेजारी कोण येईल ते सांगता येत नाही.

टप्पा ५: घरी ठेवायचा कागद

‘पोहोचले की फोन करते’ एवढ्यावर घर सोडू नका. रेंज नसली की घरचे घाबरतात, दहा नातेवाइकांना फोन करतात, आणि पुढच्या वेळी ‘एकटीनं जायचं नाही’ हा निकाल तिथंच लागतो. कागद केला की तुमची काळजीही कमी होते आणि त्यांचीही. तो व्हॉट्सॲपवर पाठवाच, पण फ्रिजवर चिकटवासुद्धा. नमुना असा:

*शुक्रवार.* सकाळी ७ ची एसटी, कोल्हापूर ते रत्नागिरी. बस सुटताना गाडीचा नंबर पाठवेन. आंबा घाटात रेंज नसते, साडेनऊ ते अकरा फोन लागला नाही तरी काळजी करू नका.
*दुपारी २ पर्यंत* गणपतीपुळे. लॉजचं नाव, पत्ता, काउंटरचा नंबर.
*दुपारी ४ वाजता* मेसेज नक्की. चार वाजून गेले तर: साडेचारला माझ्या फोनवर, पाचला लॉजवर, साडेपाचला रत्नागिरी बसस्थानकावर, सहाला रत्नागिरी पोलीस नियंत्रण कक्षाला.
*रोज रात्री ८ वाजता* मेसेज. बाकी वेळी मी फोन करीनच असं नाही.

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, मेसेजची वेळ पोहोचण्याच्या वेळेपेक्षा दोन तास नंतरची ठेवली आहे, म्हणजे गाडी उशिरा आली तर विनाकारण गोंधळ होत नाही. दुसरी पुष्कळांना माहीत नसते. ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन केला की तो करणारा ज्या राज्यात आहे तिथल्या नियंत्रण कक्षात जातो. तुम्ही होस्पेटला आणि आई कोल्हापुरात असेल, तर आईचा ११२ महाराष्ट्रातच लागेल. म्हणून ज्या जिल्ह्यात जाणार तिथल्या पोलीस नियंत्रण कक्षाचा नंबर एसटीडी कोडसह कागदावर हवा. तो त्या जिल्हा पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळतो.

कागद एकाच माणसाच्या ताब्यात द्या. भाऊ, आई, नणंद, मैत्रीण, कुणीही चालेल, पण शांत डोक्याचा माणूस हवा. लाइव्ह लोकेशन व्हॉट्सॲपवर जास्तीत जास्त आठ तासांचं देता येतं, ते फक्त प्रवासाच्या तासांपुरतं आणि त्याच माणसाला द्या. फॅमिली ग्रुपवर टाकलं की दर दहा मिनिटांनी ‘थांबली का गं?’ सुरू होतं आणि बॅटरी संपते.

टप्पा ६: पैसे, कागदपत्रं, फोन

पैसे तीन जागी. दिवसाचा खर्च छोट्या पाकिटात, दहा-वीस-पन्नासच्या नोटांसह, कारण रिक्षावाल्याकडं पाचशेचे सुट्टे नसतात. एका मुक्कामाचं भाडं आणि घरी परतण्याएवढी रक्कम अंगावर, आतल्या खिशात. उरलेलं बँकेत. यूपीआयला वेगळं खातं जोडता आलं तर जोडा आणि त्यात प्रवासापुरतेच पैसे ठेवा. घाटात, कोकणातल्या खेड्यांत नेट नसतं, म्हणून यूपीआयवर विसंबून निघायचं नाही.

लॉजला आधारची झेरॉक्स द्यायची तर ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून छापून न्या. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर तारीख आणि ‘फक्त मुक्कामासाठी’ असं आडवं लिहा. मूळ कार्ड दाखवा, पण काउंटरवर ठेवू देऊ नका.

फोनमध्ये निघायच्या आधी: त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून घ्या; *#०६# दाबून आयएमईआय नंबर (हँडसेटचा ओळख क्रमांक) बघा आणि घरच्या कागदावर लिहा, फोन हरवला तर ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तो बंद करायला लागतो; आपत्कालीन कॉलची सोय कुठलं बटण किती वेळा दाबल्यावर चालते ते सेटिंगमध्ये बघा, प्रत्येक फोनची रीत वेगळी असते. १०,००० एमएएचची पॉवर बँक पुरते. चार्जिंगची वायर दोन न्या, कारण वायरच दगा देते.

टप्पा ७: सामान आणि तब्येत

सामान एवढंच, की कुणाच्या मदतीशिवाय ते घेऊन एसटीच्या पायऱ्या चढता याव्यात. तीन-चार दिवसांना ३५ ते ४० लिटरची पाठीवरची बॅग, भरून सात-आठ किलोच्या आत. भरून झाली की ती पाठीवर घेऊन दोन मजले चढून-उतरून बघा. दम लागला तर दोन ड्रेस काढा. ‘द्या ताई, मी उचलतो’ म्हणणाऱ्याच्या हाती बॅग देण्याची वेळच येऊ नये.

सोनं घरी. मंगळसूत्र काढायचं नसेल तर काळ्या मण्यांचं साधं घाला. खिडकीशी बसून डोळा लागलेल्या बाईच्या गळ्याला हात घालणं चोराला सोपं जातं.

पायात बूट किंवा पट्ट्यांच्या सँडल. कोल्हापुरी चप्पल कितीही लाडकी असली तरी लांबच्या पायपिटीला आणि पावसाला नको: ओल्या फरशीवर तळ घसरतो आणि भिजलेलं चामडं आकार सोडतं.

आता बायका ज्यावर बोलत नाहीत ते. वाटेत स्वच्छतागृह बरं नसेल म्हणून सकाळपासून पाणीच न पिणं ही सवय मोडायला हवी. लघवी कोंडून ठेवणं आणि पाणी कमी पिणं यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि परत आल्यावर आठवडाभर त्रास. दर तासाला चार-पाच घोट पाणी प्या. एसटी जिथं जेवणाला थांबते तिथं गरज वाटो न वाटो, जाऊन या. टिश्यू, साबणाची वडी आणि छोटी पाण्याची बाटली वरच्या खिशात हवी. लघवीला जळजळ आणि सोबत ताप आला तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर गाठा.

पाळीची तारीख मोजूनच बेत करा. तरी सामान न्यायचंच, कारण प्रवासात तारीख हलते. पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं. मेन्स्ट्रुअल कप वापरणार असाल तर घरी दोन महिने सवय झाल्यावरच प्रवासात न्या, पहिला प्रयोग रेल्वेच्या डब्यात नको. वापरलेलं पॅड गुंडाळायला जुना पेपर आणि काळी पिशवी ठेवा.

*सावधान:* देवदर्शनाला जायचं म्हणून पाळी पुढं ढकलायची गोळी मैत्रिणीकडून घेऊ नका. ही गोळी अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधी सुरू करावी लागते, आदल्या रात्री घेऊन उपयोग नसतो. पूर्वी रक्ताची गुठळी झालेली असेल, यकृताचा आजार असेल, तर ती धोक्याची ठरू शकते. डॉक्टरांनी लिहून दिली तरच.

खायला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग. दशम्या दुधात भिजवलेल्या पिठाच्या असल्या की दोन दिवस सहज राहतात.

टप्पा ८: निघायचा दिवस

अर्धा तास आधी स्टँडवर. बसमध्ये पुढच्या तीन-चार रांगांत, शक्यतो बाईच्या शेजारी. बसल्यावर कंडक्टरला आपलं उतरायचं ठिकाण स्पष्ट सांगा. गाडीचा नंबर घरी पाठवा.

शेजारी बोलायला लागला तर बोला, प्रवासातली ती मजाच आहे. मात्र लॉजचं नाव, किती दिवस आहात आणि एकट्या आहात हे सांगायचं नाही. ‘बहीण घ्यायला येतीय’ एवढं उत्तर पुरेसं होतं. अनोळखी माणसानं दिलेलं उघडं खाणं-पिणं नम्रपणे नाकारा.

कुणी अंगचटीला येत असेल तर संकोचानं सरकत राहू नका. पहिल्यांदाच, आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘हात काढा, नीट बसा’ म्हणा. नंतर कंडक्टरला जागा बदलून मागा. आवाज चढवायला घरीच सराव करा, आयत्या वेळी घशातून शब्द फुटत नाही.

रेल्वेत असाल तर टीटीई, नाहीतर रेल्वेची हेल्पलाइन १३९ किंवा रेलमदद ॲप. पीएनआर आणि डबा-बर्थ हाताशी ठेवा, पहिला प्रश्न तोच असतो. एकट्या महिला प्रवाशांसाठी रेल्वे सुरक्षा दलाचा ‘मेरी सहेली’ उपक्रम आहे. त्यांच्या महिला जवान डब्यात येऊन चौकशी करतात, तेव्हा काही खटकत असेल तर मोकळेपणानं सांगा.

टप्पा ९: खोलीत शिरल्यावरची पाच मिनिटं

बॅग खाली ठेवायच्या आधी हे बघा, नंतर आळस येतो. आतली कडी पूर्ण बसते का. खिडकीला खिटी आहे का, गॅलरी शेजारच्या खोलीशी जोडलेली आहे का. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर ते दोन्हीकडून बंद आहे का. मग दिवा घालवून मोबाइलचा टॉर्च हळू फिरवा: पलंगाकडं आणि न्हाणीघराकडं तोंड केलेलं घड्याळ, स्मोक डिटेक्टर, सॉकेटला लावलेला अडॅप्टर, गीझरची कोपऱ्यातली बाजू. लहानसा ठिपका लखकन चमकला तर खोली बदलून मागा. कारण सांगायची गरज नाही.

दाराखाली बसवायची रबरी पाचर पन्नास-शंभर रुपयांत मिळते. ती आत उघडणाऱ्या दारालाच उपयोगी, बाहेर उघडणाऱ्याला नाही.

काउंटरवर कुणी मोठ्यानं खोलीचा नंबर उच्चारला आणि आजूबाजूला माणसं असतील, तर दुसरी खोली मागायला हरकत नाही. मागवलं नसताना कुणी दार वाजवलं तर न उघडता काउंटरला फोन करा.

टप्पा १०: काही बिघडलंच तर

धोका असेल तर ११२. महिला हेल्पलाइन १८१ आणि १०९१. फोनवर आधी ठिकाण सांगा, मग काय झालं ते, म्हणजे कॉल तुटला तरी मदत निघते.

तक्रार करायला घरी परत येण्याची वाट बघू नका. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात झीरो एफआयआर नोंदवता येतो, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात त्याची स्पष्ट तरतूद आहे. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ असं कुणी म्हणालं तर ‘झीरो एफआयआर’ हा शब्द उच्चारा. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. चालत्या रेल्वेत घडलं तर तक्रारीचा फॉर्म टीटीईकडं भरून देता येतो, त्यासाठी मध्येच उतरावं लागत नाही.

फोन किंवा पर्स गेली तर क्रम असा: दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड बंद, मग सिम बंद, मग पोलिसांत नोंद, शेवटी संचार साथीवर हँडसेट बंद. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. यातला प्रत्येक नंबर कागदावर लिहून अंगावरच्या पैशांबरोबर ठेवा, कारण त्या वेळी हातात फोन नसणार.

लॉजमध्ये काही खटकलं आणि रात्र झालेली असेल तर बॅग घेऊन अंधारात बाहेर पडायची घाई करू नका. आधी घरच्या माणसाला फोन, मग काउंटरला खोली बदलायला सांगणं, तेही नाही जमलं तर ११२. सोडायचंच असेल तर पोलिसांची गाडी आल्यावर सोडा, किंवा रेल्वे स्टेशनच्या महिला प्रतीक्षालयात उजाडेपर्यंत बसा. आगाऊ भरलेलं भाडं बुडालं तरी चालेल.